फिर्यादीतलं एक जास्तीचं वाक्य

पोलीस भरतीत मी धावण्यात जेमतेम पास झाले. पुढची सगळी नोकरी मात्र अक्षरावर निभावली. सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात हजर झाले त्याच आठवड्यात मला रायटरच्या टेबलाशी बसवलं. रायटर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा. फिर्याद, जबाब, पंचनामा, कोर्टाला जाणारे कागद, सगळं त्याच्या हातून जातं. आमचे रायटर निवृत्तीला टेकलेले हवालदार होते. रागावले की ते कन्नडमध्ये पुटपुटायचे. मी मैंदर्गीची, आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडच, त्यामुळे ते कुणाला काय म्हणतायत ते मला सगळं कळायचं. एक दिवस मी हसले आणि पकडले गेले. तेव्हापासून त्यांचं पुटपुटणं बंद झालं आणि मला शिकवणं सुरू झालं.

त्यांनी मला कलमं शिकवली ती तोंडी. पुस्तक कपाटात होतं, पण त्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. ते म्हणायचे, "कलम म्हंजे आमटी हाय बघ. डाळ, पाणी, फोडणी. एक काय ऱ्हायलं की आमटी न्हाय. कोर्टात वकील पळीनं ढवळून बघतोय, हे हाय का, ते हाय का. आपण लिवतानाच सगळं घालायचं."

चोरीत काय काय लागतं, मारामारीत काय काय लागतं, हे त्यांनी असंच शिकवलं. विनयभंगाचं कलमही तसंच. त्यात तीन गोष्टी लागतात. एक, समोर स्त्री असली पाहिजे. दोन, त्या माणसानं तिच्या अंगाशी बळजोरी केली पाहिजे, हात लावणं, ओढणं, धरणं, काहीही. तीन, हे करताना तिचा विनयभंग करायचा त्याचा उद्देश असला पाहिजे, किंवा आपल्या करण्यानं तो होईल हे त्याला ठाऊक तरी असलं पाहिजे. जत्रेत चुकून धक्का लागला तर ते हे कलम नव्हे. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती माणसाच्या डोक्यात असते आणि डोक्याचा पंचनामा करता येत नाही. मग तो काय बोलला, दार लावलं का, हात कुठं आणि किती वेळ होता, यावरून ती दाखवायची. हे सगळं त्यांनी मला इतकं छान समजावलं की पुढं वकिलांशी बोलतानाही माझं कधी अडलं नाही.

आणि शेवटी ते चौथी गोष्ट सांगायचे. "फिर्याद संपवायच्या आधी एक वाक्य घालायचंच. ‘मी आरडाओरडा केला असता सदर इसम तेथून निघून गेला.’ हे इसरायचं न्हाय."

मी विचारलं होतं, ती ओरडली नसली तर?

"तर वकील म्हणंल, वरडली न्हाय म्हंजे तिचीबी मर्जी हुती. बाईचं वाटोळं हुतंय. आपल्या एका वळीनं ती वाचत आसंल तर घालायला काय जातंय?"

मला ते पटलं. उलट वाटलं, बघा, हा माणूस बायकांच्या बाजूचा आहे. ते निवृत्त झाले, टेबल माझ्याकडे आलं आणि ते वाक्यही आलं. असल्या गुन्ह्याची फिर्याद बाई अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असा नियम आहे, म्हणून मी सुट्टीवर असले तरी मला घरून बोलावून न्यायचे. बायका येत, सांगत, रडत, काही अजिबात रडत नसत. मी लिहून घेई आणि खाली ते वाक्य घाली. वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं की बाई अजून बोलत असायची आणि माझा हात तिथं पोचलेला असायचा.

जुनी दंड संहिता जाऊन नवा कायदा यायच्या जरा आधीची गोष्ट. एका संध्याकाळी एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, तेलुगू घरातली, नवरा यंत्रमागावर कामाला. सोबत सासू होती. नवरा बाहेर गाडीवरच बसून राहिला, आत आला नाही. बाई घरी विड्या वळायची आणि सकाळी टोपलीत भरून कारखान्याच्या शाखेत द्यायला जायची. तिथं माल तपासून घेणारा माणूस असतो, त्याला सगळ्या चेकर म्हणतात. तो विड्या हातात घेऊन बघतो, बारीक वळलेली, सैल बांधलेली बाजूला काढतो. त्याच्या मर्जीवर बाईचा दिवस असतो. सासूनंही त्याच कामात जन्म काढला होता. तिच्या बोटांच्या टोकांवर तंबाखूचा जो रंग होता तो साबणानं जाणारा नव्हता.

त्या दिवशी चेकरनं माल खराब आहे म्हणून तिला खिडकीतून न घेता आत बोलावलं. मागं पानांची पोती रचलेली एक अरुंद खोली होती. तिथं त्यानं दार लोटलं, "घाबरतीस कशाला" म्हणाला आणि तिच्या छातीवर हात ठेवला. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पेनकडे बघत होती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"माझ्या हातात टोपली हुती मॅडम. भरलेली. खाली ठेवायला जागा बघत हुते. सगळीकडं पोतीच हुती की."

"आणि तो?"

"दुसरी बाई आली दार ढकलून, माल नोंदायचं कार्ड मागायला. मग तो बाजूला झाला."

मी हे लिहिलं. दार लोटल्याचं लिहिलं, तो काय बोलला ते लिहिलं, हात कुठं ठेवला ते लिहिलं. तिन्ही गोष्टी जागच्या जागी बसल्या. मग दार ढकलणाऱ्या बाईच्या जरा आधी मी आरडाओरडा घातला. म्हणजे कागदावर असं झालं की ही ओरडली, ती बाई धावत आली आणि तो बाजूला झाला. मला ते वाचायला चांगलंही वाटलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. सासू शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. "बरोबर आहे?" मी विचारलं. बाईनं मान हलवली आणि मराठीत, एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

पुढं माझी बदली दुसऱ्या ठाण्यात झाली. मधे नवी संहिता आली, विनयभंगाच्या कलमाचा आकडा तीनशे चोपन्नचा चौऱ्याहत्तर झाला, तिन्ही गोष्टी तशाच राहिल्या. जुना गुन्हा म्हणून तिचा खटला जुन्याच कलमानं चालला. मी ते प्रकरण विसरून गेले होते. अशी बाई एक असती तर विसरले नसते.

एक दिवस सरकारी वकिलांचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, पण कामात चोख. म्हणाल्या, "येऊन जा. तुमच्या फिर्यादीनं घोळ झालाय."

मी गेले. घोळ असा होता की बाईची साक्ष झाली होती. आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, तुम्ही ओरडलात का? ती म्हणाली, नाही. मग फिर्यादीत कसं आलं? ती म्हणाली, मला माहीत नाही. वाचून दाखवली तेव्हा का नाही सांगितलं? यावर ती गप्प राहिली. दार ढकलून आलेली बाईही साक्षीला आली. तिनं सरळ सांगितलं की मला ओरडणं ऐकू आलं नाही, मी माझ्या कार्डासाठी गेले होते. आत ही टोपली धरून उभी होती आणि तो मागं सरकला, तेवढं मी पाहिलं. दोघी खरं बोलल्या होत्या, आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलं की दोघी खोट्या ठरत होत्या.

वकीलबाईंनी माझ्यापुढं पुस्तक सरकवलं. "कलम वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते कलम छापलेलं असं मी पहिल्यांदा पूर्ण वाचत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

"यात आरडाओरडा कुठाय?"

नव्हता. मी पुन्हा पाहिलं. त्यांनी पान उलटून बलात्काराचं कलम काढलं. "हे याहून कितीतरी मोठं. इथंसुद्धा काय म्हटलंय बघा. बाईनं अंगानं विरोध केला नाही, एवढ्यावरनं तिनं संमती दिली असं धरायचं नाही. संमती म्हणजे तिनं आपण होऊन, स्पष्टपणे दिलेला होकार. शब्दानं, खुणेनं, कसाही, पण होकार. गप्प राहणं होकार नाही. कायद्यानं बाईकडं किंकाळी मागितलेलीच नाही. तुम्ही मागितलीत."

मला राग आला. आधी त्यांचा, मग आमच्या जुन्या रायटरचा. माझा यायला जरा वेळ लागला.

त्यांच्या टेबलासमोर बसल्या बसल्या मला माझीच एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. ट्रेनिंग संपवून मी एसटीनं घरी चालले होते. उभ्यानं प्रवास, मागून एक हात. गर्दीचा नव्हे, कळून लावलेला. मी नुकती पोलीस झालेली, लाठी चालवायला शिकलेली. आणि मी काय केलं, तर वळसंगला उतरून गेले. माझं तिकीट पुढचं होतं. फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले आणि घरी सांगितलं की गाडी बंद पडली. तोंडातून शब्द फुटला नव्हता. आणि मीच पुढं प्रत्येक बाईच्या तोंडी आरडाओरडा घालत बसले होते.

"साक्षीत काय सांगणार?" वकीलबाईंनी विचारलं.

आमचं एक ठरलेलं उत्तर असतं. फिर्याद फिर्यादीच्या सांगण्याप्रमाणे लिहून घेतली, तिला वाचून दाखवली, बरोबर असल्याचं सांगून तिनं सही केली. पोलीस हे झोपेतही म्हणतो. जुन्या ठाण्याच्या साहेबांना भेटले तर त्यांनीही तेच सुचवलं. रागावून नाही, काळजीनं. म्हणाले, "मॅडम, छापील उत्तर द्या आणि मोकळ्या व्हा. मी घातलं म्हणालात तर तुमच्या हातच्या सगळ्या फिर्यादींवर बोट ठेवतील. दोन वर्षं राहिलीत तुमची."

ते चुकीचं बोलत नव्हते. पण छापील उत्तर दिलं तर ती बाई खोटी. ती खोटी ठरली की चेकर सुटला, आणि सुटून त्याच खिडकीत परत बसणार. मला घरी दोन दिवस जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. ती बाई मागच्या बाकावर होती. आपली साक्ष झाली त्या दिवशी ती एकटीच आली होती असं मला नंतर कळलं. आज सासू सोबत होती. पिंजऱ्यात चेकर उभा होता, मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. रस्त्यात दिसला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता, असा साधा चेहरा.

सरकारी वकिलांनी सरळच विचारलं आणि मी सरळ सांगितलं. आरडाओरड्याचं वाक्य फिर्यादीनं सांगितलेलं नाही, ते मी माझ्या मनानं घातलं. टोपली खाली ठेवायला जागा नव्हती असं ती म्हणाली होती. ते मी लिहिलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

आरोपीचे वकील उठले. वयस्कर होते, आवाज मऊ. असे वकील जास्त वाईट.

"फिर्यादी ओरडली नाही, ही एकमेव गोष्ट तुम्ही बदललीत?"

"हो."

"आमचं म्हणणं आहे की सगळीच फिर्याद तुम्ही तुमच्या मनानं लिहिलीत."

"नाही. बाकीचं तिचं आहे. हे वाक्य माझं."

"हे वाक्य तुम्ही याआधी कधी वापरलं होतं?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, उत्तर येऊ द्या.

"हो. वापरलं होतं."

"किती फिर्यादींत?"

"विनयभंगाच्या जेवढ्या मी लिहिल्या तेवढ्या सगळ्यांत."

"त्यातल्या किती बायका खरंच ओरडल्या होत्या?"

याची तयारी मी केली नव्हती. आकडा सांगायला गेले तर आकडाच नव्हता. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

न्यायाधीशांनी ते वाक्य लघुलेखकाला सांगितलं, तसंच्या तसं. माझ्या इतक्या वर्षांच्या लिहिण्यात माझं स्वतःचं म्हणून कागदावर आलेलं ते पहिलं वाक्य असावं. मला हलकं वाटलं हे खोटं नाही.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे सगळे तेवढंच विचारतात. चेकरला शिक्षा झाली. निकालपत्रात लिहिलं होतं की स्त्री, बळाचा वापर आणि उद्देश या तिन्ही गोष्टी फिर्यादीच्या आणि साक्षीदाराच्या बोलण्यातून सिद्ध होतात. आरडाओरडा हा या गुन्ह्याचा घटक नाही, तो फिर्यादीत आला ही पोलिसांची चूक आहे, त्याचा दोष फिर्यादीला देता येणार नाही. त्यानं अपील केलंय, ते चालू आहे. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि सेवापुस्तकात सक्त ताकीद चढली. साहेब म्हणाले होते तसं दोन जुन्या प्रकरणांत वकिलांनी माझ्या हातच्या फिर्यादीवर बोट ठेवलंही. त्याचं मला वाईट वाटतं, रोज नाही, पण वाटतं. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी साक्ष संपवून मी बाहेर व्हरांड्यात आले. ती बाई माझ्या मागोमाग आली. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार, आणि ते मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. मीच आधी म्हणाले, "माझ्यामुळं तुला त्रास झाला. चुकलं माझं."

ती म्हणाली, "मला कळलं हुतं मॅडम."

"काय कळलं होतं?"

"तुमी वाचून दाखवलं तवाच. मी वरडले असं काय बोलले न्हवते. पण अत्ता शेजारी बसल्या हुत्या." सासूला ती अत्ता म्हणायची. "मला वाटलं, बरं झालं. कागदावर हाय तर घरात कोण काय इचारणार न्हाय. म्हणून गप सही केले. घरी आल्यावर यांनी इचारलं, तू वरडलीस का, तर मी व्हय म्हणाले. पोलिसांच्या कागदात हाय म्हणाले. मग कुणी काय बोललं न्हाय."

माझं वाक्य कोर्टात तिच्या अंगावर आलं हे मला माहीत होतं. घरात तेच तिनं पांघरून घेतलं होतं हे मला माहीत नव्हतं.

"साक्षीला मी एकटीच आले हुते," ती म्हणाली. "खोटं बोलायचं न्हवतं तितं, शपथ घेतलेली. पण घरी सांगितलं न्हाय मी काय बोलले ते. आज तुमी सांगितलं तवा अत्तांनी ऐकलं सगळं. आता घरी कसं जाऊ मी?"

खरं सांगायला इतके दिवस मी माझंच धाडस गोळा करत होते. त्या खऱ्याची झळ तिच्या घरापर्यंत जाईल हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी म्हणाले, मी येऊ का घरी, मी समजावून सांगते. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

तेवढ्यात कोर्टाच्या दारातून सासू बाहेर आली. गुडघे दुखत असावेत, भिंतीला हात लावत लावत ती आमच्यापर्यंत आली. सून बाजूला सरकली आणि खाली बघू लागली. सासू तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. ठाण्यात त्या संध्याकाळी आणि आज दिवसभर, ती माझ्याशी एकही शब्द बोललेली नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "त्याच खिडकीत मी बी चाळीस वरीस माल दिला. चेकर बदलत गेले, खिडकी तीच. आमी तरी कुटं वरडलो."

सून मान वर करून तिच्याकडे बघत राहिली. सासू तिच्याशी तेलुगूत काहीतरी थोडकं बोलली, ते मला कळलं नाही. मग तिनं जिना उतरायला सुनेचा खांदा धरला आणि दोघी खाली गेल्या.